क्लिंगरमावशींचा पक्का मुक्काम

क्लिंगरमावशी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. कोट न काढता त्या सरळ खिडकीशी गेल्या. खिडकीला आम्ही मंजिरीची, म्हणजे माझ्या बायकोची, जुनी ओढणी दोन खिळ्यांवर अडकवली होती. मावशींनी तिचं टोक दोन बोटांत धरलं, उजेडाकडे करून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही अजून नुसते उतरलेले आहात. राहायला नाही लागलेले."

आम्ही नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाड हॉम्बुर्गला येऊन आम्हाला जेमतेम दीड महिना झाला होता. मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर, इथल्या एका कंपनीत पंपांच्या डिझाइनचं काम करायला आलो होतो. फ्रांकफुर्टच्या मराठी मंडळींच्या दिवाळीत कुणीतरी आमचा पत्ता या बाईंना दिला आणि पुढच्याच शनिवारी त्या दारात हजर झाल्या. फोन नाही, निरोप नाही. पायात बर्फात घालायचे बूट, वर पायघोळ लोकरी कोट, कोटाखालून डोकावणारे साडीचे काठ आणि कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. पर्समधून टेप काढून त्यांनी तिन्ही खिडक्यांची मापं घेतली, चहा घेतला, मंजिरीला "आलं जरा जास्त घाल" असं सांगितलं आणि गेल्या. दहाबारा दिवसांनी शिवलेले पडदे घेऊन परत आल्या. मोतिया रंगाचे, खाली चार बोटं दुमड घातलेले. ते लागले आणि आमच्या खोलीला एकदम घराचं तोंड आलं, हे मला मान्य करावंच लागलं.

गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या पडद्यांच्या दुकानात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. त्यामुळे माणसाची पारख त्या त्याच्या पडद्यावरून करायच्या. "त्याच्याकडे नुसत्या पट्ट्या आहेत, प्लास्टिकच्या," असं त्या कुणाबद्दल म्हणाल्या की त्या माणसाचा निकाल लागलाच म्हणून समजा.

माहेरच्या त्या साताऱ्याच्या कुसुम. पिंपरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. तिथे यंत्रं बसवायला जर्मनीहून युर्गन क्लिंगर नावाचे एक लांबलचक गृहस्थ आले, यंत्रं बसवून झाली तरी काही ना काही दुरुस्ती काढत राहिले आणि शेवटी कुसुमला घेऊनच परतले. आधी ड्युसेलडॉर्फ, मग बाड हॉम्बुर्ग. मूलबाळ नव्हतं. आम्ही आलो तेव्हा क्लिंगर होते, पण थकलेले. मावशी त्यांच्याशी जर्मन बोलायच्या, हाक मात्र "अहो" अशीच मारायच्या आणि ते बिचारे तीस वर्षांच्या सवयीनं वळून बघायचे. आम्ही आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले.

मावशींचं मराठी साताऱ्याहून निघाल्या त्या दिवशी जसं होतं तसंच जपून ठेवलेलं होतं. आम्ही एस-बान म्हणायचो, त्या आगगाडी म्हणायच्या. हॉस्पिटल म्हणजे इस्पितळ. मध्येच एखादं जर्मन "आल्झो" नाहीतर "गेनाऊ", म्हणजे "तर मग" नाहीतर "बरोबर", यायचं, पण ते त्यांच्या तोंडी साताऱ्याचंच वाटायचं. आणि आवाज! गल्लीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला बोलायची सवय असलेला तो आवाज जर्मनीतल्या रविवारी फार महागात पडायचा. इथे रविवारी दुपारी पानसुद्धा गुपचूप गळतं. मावशींच्या खालच्या मजल्यावर हेर बेकमान नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. मावशींनी रविवारी खिडकीतून कुणाला हाक मारली की खालची खिडकी उघडायची आणि गंभीर आवाज यायचा, "फ्राउ क्लिंगर, आज रविवार आहे." मावशी आभार मानायच्या, "डांके, हेर बेकमान," आणि राहिलेलं वाक्य त्याच पट्टीत पूर्ण करायच्या. हे म्हणे पंचवीस वर्षं चाललं होतं.

पण मावशींची खरी कीर्ती पडद्यांमुळे नव्हती. ती होती आउसलेंडरआम्टमुळे, म्हणजे आम्हा परदेशी लोकांना इथे राहायचे परवाने देणाऱ्या ऑफिसमुळे. आपल्याकडचा भलाभला माणूस त्या ऑफिसच्या पायरीवर निम्मा होतो. कंपनीत दहा जणांना कामाला लावणारे आमचे इंजिनियर तिथल्या बाकावर असे बसत, की पालकांना घेऊन यायला सांगितलंय असं वाटावं. मावशींना हे अजिबात खपायचं नाही. त्यांना बरोबर न्यायचं तर त्यांच्या अटी असत. इस्त्रीचे कपडे. कागद पिशवीत नाही, फोल्डरमध्ये. आणि खुर्चीत पाठ टेकून बसायचं. "आपण काही मागायला आलेलो नाही, अभय," त्या भर कॉरिडॉरमध्ये खणखणीत आवाजात सांगायच्या, "आपण राहायला आलोय आणि कसं राहायचं ते विचारायला आलोय." आजूबाजूचे तुर्की, रशियन, व्हिएतनामी लोक दचकून बघायचे आणि का कोण जाणे, तेही जरा सावरून बसायचे. त्या स्वतः ठेवणीतली जांभळी इरकल नेसून यायच्या. लग्नाला एक साडी आणि आम्टला एक, असा त्यांचा हिशेब होता.

आमच्या आणि मावशींच्याही आडनावाच्या अक्षराचं टेबल फ्राउ वेंडेल नावाच्या बाईंकडे होतं. चष्मा साखळीला लावलेला, खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या आणि चेहऱ्यावर कायम अर्धवट राहिलेलं काम. या दोघींची ओळख आमच्या जन्माच्या जरा अलीकडची असावी. पहिल्याच भेटीत मी बघितलं, की मावशी खुर्चीत बसायच्या आधी खिडकीशी गेल्या, ऑफिसचा पडदा चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "दुमड अजून उसवलेलीच आहे." फ्राउ वेंडेल मान वर न करता म्हणाल्या, "अर्ज दिलेला आहे, फ्राउ क्लिंगर." मग दोघी एकदम कामाला लागल्या.

पाच वर्षं झाली, पेन्शनचे हप्ते पुरे भरले, घर पुरेसं मोठं आहे हे दाखवून झालं आणि मला कायम राहायचा परवाना मिळायची वेळ आली. नवा कायदा नुकताच आला होता आणि त्या परवान्याला निडरलासुंग्सएरलाउबनिस असं नाव मिळालं होतं. आमच्यात ते कुणी पूर्ण उच्चारत नसे. "पक्कं झालं का?" एवढंच विचारायचे. परवाना म्हणजे पासपोर्टच्या एका पानावर चिकटवलेला हिरवट कागद, बोटाएवढ्या चकाकत्या खुणेचा. मिळाला त्या संध्याकाळी मावशींनी आम्हाला घरी बोलावलं, पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा ठेवला आणि शिकवणी सुरू केली.

"वाच काय लिहिलंय."

मी वाचलं.

"हां. 'उनबेफ्रिस्टेट'. म्हणजे मुदत नाही. आणि खाली काम करायची मोकळीक. आता सांग, पासपोर्ट कधी संपतो?"

"अजून तीन वर्षांनी."

"मग तीन वर्षांनी पक्कं संपलं?"

मी अंदाजानं हो म्हणालो. मंजिरीनं मला कोपरानं ढोसलं.

"नाही संपत," मावशी म्हणाल्या. "भाडेकरू मेला नाही, घर पडलं. नवा पासपोर्ट आला की याला तिकडे हलवायचं. आणि मुख्य गोष्ट. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलास, तर हे आपोआप जातं. कुणी पत्र पाठवत नाही, फोन करत नाही. कागद तसाच दिसतो, पण आत जीव नसतो. तीन-तीनदा विचारल्याशिवाय जास्त राहायचं नाही कुठे. कळलं?"

आम्ही माना डोलावल्या. त्यांचा स्वतःचा कागद या कायद्याच्या फार आधीचा होता, वेगळ्या नावाचा. नव्या कायद्यानं त्यालाही पक्कंच मानलं होतं. "माझा कागद तुमच्या कायद्यापेक्षा वडील आहे," असं त्या अभिमानानं सांगायच्या.

जर्मन नवरा, तीस वर्षं मुक्काम, जर्मन असं की दुकानात लोक त्यांना विचारून शब्द वापरायचे. तरी मावशींनी जर्मन पासपोर्ट घेतला नव्हता. कारण तो घ्यायचा तर भारताचा परत करायला लागतो. फ्राउ वेंडेल दर वेळी नियमानं विचारायच्या आणि मावशी दर वेळी नियमानं नाही म्हणायच्या. मीही एकदा शहाणपणा करायला गेलो. मावशी मटार सोलत होत्या. त्या सोलतच म्हणाल्या, "लग्न केलं तेव्हा आडनाव दिलं. गाव सुटलं. आता देशही देऊन टाकला तर माझ्यापाशी माझं काय राहिलं रे? या लोकांनी मला राहा म्हटलंय. मी नीट राहतेय. मी पाहुणी नाही आणि नागरिक नाही. मी इथली राहणारी आहे. हे काय कमी आहे?" तेव्हापासून माझ्या पासपोर्टमधल्या त्या हिरवट कागदाकडे मी जरा निराळ्या नजरेनं बघायला लागलो.

शिकवणीच्या शेवटी मावशींनी सांगितलं होतं, "घरी गेल्यावर आधी देवापुढे ठेवा, मग कपाटात." त्या वेळी माझी आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली होती. आई जुन्या वळणाची. मावशींबद्दल तिला आदर होता, पण एक गोष्ट खुपत होती. "अरे, यांचे यजमान गेलेत ना?" तिनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं होतं. "मग एवढं कुंकू?" मावशींचे कान आवाजाइतकेच तयार. त्या बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "अहो अभयच्या आई, कुंकू मी क्लिंगरांच्या आधीपासून लावते. ते गेले ते त्यांचंच सामान घेऊन गेले." आई पुन्हा पोळ्यांकडे वळली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

तर त्या रात्री पासपोर्ट देवापुढे ठेवला. सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात मंजिरीचा "अगंबाई" असा बारीक आवाज आला. बाहेर येऊन बघतो, तर आई हात जोडून उभी आणि पासपोर्टच्या त्या पानावर, बरोबर हिरवट कागदाच्या मधोमध, ओलं हळदकुंकू. नव्या गाडीला लावतात तसं दोन बोटांनी, मनापासून लावलेलं. कुंकू ओघळून माझ्या नावावरून जन्मतारखेपर्यंत गेलं होतं.

"अगं आई, कव्हरला तरी लावायचंस."

"कव्हरला कशाला?" आई म्हणाली. "पक्कं कव्हरवर झालंय का?"

आमची चार वर्षांची इरा मराठी सगळं समजायची पण बोलायची जर्मन. तिनं ते लाल पान बघून विचारलं, "पापा, पासपोर्टला लागलं का?" मी कापसानं पुसायला गेलो, तर कुंकू आणखी पसरलं. गंमत करण्यासारखी परिस्थिती नव्हती, कारण पुढच्याच आठवड्यात मला कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला जायचं होतं आणि परत येताना विमानतळावरच्या माणसानं कागदात फेरफार केलाय म्हटलं असतं, तर बोलायला जागा नव्हती. मंजिरीनं मावशींना फोन लावला. त्या अर्ध्या तासात आल्या. जांभळी इरकल नेसूनच आल्या. आईनंही हट्ट धरला, की मीच केलंय तर मीही येणार.

फ्राउ वेंडेलनी पान उघडलं आणि चष्मा चढवला. पान उजेडाकडे करून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "हे रक्त आहे का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. पाठ सरळ, आवाज नेहमीच्या पट्टीत. "आल्झो, फ्राउ वेंडेल, जी गोष्ट आम्हाला गमावायची नसते, तिला आमच्याकडे हे लावतात. तुमच्या कागदाची या घरानं पूजा केलीय."

"पण कागद निकामी झाला."

"झाला. आणि चूक माझी आहे. देवापुढे ठेवा, हे मीच सांगितलं. कुठे लावायचं ते सांगायचं राहिलं."

फ्राउ वेंडेलनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि मग खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेल्या आईकडे. आईला शब्द कळत नव्हते, पण आपल्यावरून काहीतरी चाललंय हे कळत होतं आणि तिचे डोळे भरून आले होते. फ्राउ वेंडेल म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे कागद चिकटवतेय. लोक हिसकावून घेतात आणि पळतात. पूजा कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं." मग त्यांनी जुन्या कागदावर रद्दचा शिक्का मारला, समोरच्या पानावर नवा कागद चिकटवला आणि वर तळव्यानं दाबून नीट बसवला. पासपोर्ट मात्र माझ्या हातात न देता त्यांनी आईच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर मावशींनी आईला सगळं मराठीत सांगितलं. चूक माझी आहे हे वाक्य सांगितलं नाही, पण ते मीच आईला सांगितलं. आई पायऱ्यांवरच थांबली. तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. मला वाटलं, आता ही काय करतेय. आईनं बोट बुडवलं आणि त्या भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत असताना, क्लिंगरमावशींच्या कपाळावरच्या कुंकवावर आणखी एक बोट टेकवलं. मावशींनी त्यासाठी मान जरा खाली केली. मला आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता आणि दोघींचा मिळून किती वाटला, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर दोनतीन वर्षांनी साताऱ्याहून फोन आला. मावशींची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. तिला कुणी नव्हतं, म्हणजे पुतणे वगैरे होते, पण उशाशी बसणारं कुणी नव्हतं. मावशींना जायचं होतं आणि किती काळासाठी ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सहा महिन्यांत परत येईन असं म्हणणं म्हणजे बहीण तोवर जाईल असं म्हणण्यासारखंच होतं आणि ते त्या म्हणणार नव्हत्या.

आता तो सहा महिन्यांचा नियम त्यांच्याच समोर उभा राहिला. नवरा हयात असता तर प्रश्न नव्हता. आता एकच वाट होती. पंधरा वर्षांच्या वर इथे राहिलेल्या माणसाचं पोटापाण्याचं नीट चालत असेल, तर बाहेर कितीही राहिलं तरी त्याचं पक्कं जात नाही आणि तसं लेखी प्रमाणपत्र आम्टकडून मिळतं. वर्षं भरपूर होती. प्रश्न होता पोटापाण्याचा. मावशींची पेन्शन काही फार नव्हती, दुकानाची थोडी, क्लिंगरांची थोडी. ती पुरेशी आहे की नाही, हे आम्ट ठरवणार आणि त्यासाठी पेन्शनच्या ऑफिसातून कागद यायला हवा होता.

मी आणि मावशी फ्राउ वेंडेलकडे गेलो. त्यांनी सगळं बघितलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "फ्राउ क्लिंगर, जर्मन पासपोर्टचा अर्ज करा. मी स्वतः पाठपुरावा करीन. मग तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

"त्याला किती महिने लागतील?"

फ्राउ वेंडेलनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आणि ते मला हवंही नाहीये," मावशी म्हणाल्या. "मला माझं आहे तेच हवंय. ते माझं आहे, असं तुम्ही लिहून द्या."

"पेन्शनचा कागद आल्याशिवाय नाही देता येत. काही आठवडे थांबा."

"ताई थांबेल असं वाटत नाही."

मी जन्मात मावशींचा इतका हळू आवाज ऐकला नव्हता. त्यांनी माझ्या नावानं अधिकारपत्र लिहून दिलं आणि चार दिवसांत निघाल्या. आम्ही सगळ्यांनी समजावलं. प्रमाणपत्र नाकारलं गेलं, तर सहा महिन्यांनी हे घर, ही पंचवीस वर्षांची गल्ली, क्लिंगरांची कबर, सगळं पाहुण्यासारखं व्हिसा काढून बघायला यावं लागलं असतं. ते त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं, आम्हाला त्यांनीच तर शिकवलं होतं. जाताना त्यांनी पडदे काढले नाहीत. "बंद केलेत," किल्ली मंजिरीच्या हातात देत म्हणाल्या, "उतरवलेले नाहीत."

मग वाट बघणं सुरू झालं. मंजिरी आठवड्याला जाऊन झाडांना पाणी घालायची. हेर बेकमान तिला जिन्यात गाठून दर वेळी तेच विचारायचे, "काही कळलं?" वरून आता काही आवाज येत नाही, याची त्यांनी तक्रार केली असं म्हणवत नाही, पण सूर तक्रारीचाच असायचा. पेन्शनचा कागद आला, तो कमी पडला, दुसरा मागवला. सहावा महिना जवळ यायला लागला तशी मला रात्री जाग यायला लागली. आणि एका सकाळी फ्राउ वेंडेलचा माझ्या ऑफिसात फोन आला, की येऊन घेऊन जा.

एकच पान होतं. सही, गोल शिक्का. फ्राउ वेंडेलनी ते माझ्याकडे सरकवलं आणि लगेच बोट वर केलं.

"कुंकू मागच्या बाजूला लावा," त्या म्हणाल्या. "आणि ते सुकू द्या."

मी बाहेरच्या बाकावर बसून साताऱ्याला फोन लावला आणि वाचून दाखवलं, की फ्राउ कुसुम क्लिंगर यांचा कायम राहण्याचा हक्क दीर्घकाळ परदेशी राहिल्यानंही संपत नाही. मग मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "आता ताईला ऐकव, मी फोन तिच्या कानाला लावते." मी जर्मन वाचत गेलो, एका मरणाला टेकलेल्या सातारच्या बाईला, जिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. वाचून झाल्यावर पलीकडून बारीक आवाज आला, "छान आहे हो." आजूबाजूच्या बाकांवरचे लोक बघायला लागले. मी पाठ सरळ केली.

कागद मी दुसऱ्याच दिवशी फ्राउ वेंडेलच्या सूचनेसकट साताऱ्याला पाठवून दिला. ताई त्यानंतर बरेच महिने राहिल्या. मावशी त्यांच्या उशाशी होत्या, घाई नव्हती. मधल्या काळात मावशींचा पासपोर्ट संपला आणि पुण्यात नवा निघाला. आपल्याकडे जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून देतात. पक्क्याचा कागद त्या कोपरा कापलेल्या पासपोर्टातच राहिला. त्यामुळे मावशी परतायच्या दिवशी मी फ्रांकफुर्टच्या विमानतळावर काचेच्या दाराशी उभा होतो, तो जुन्या पासपोर्टातला कागद चालेल की नाही, याच विचारात. मुंबईच्या विमानातले लोक येऊन गेले. बॅगांवर दोऱ्या बांधलेले म्हातारे आईवडील येऊन गेले. विमानातले कर्मचारीही गेले. इरानं दोनदा विचारलं, की ओमा क्लिंगर, म्हणजे तिची क्लिंगरआजी, कुठे आहे. दार उघडायचं आणि मिटायचं.

सगळ्यांत शेवटी जांभळी इरकल दिसली. वाळल्या होत्या, केस पार पांढरे झाले होते, पण चाल तीच. हातात दोन पासपोर्ट, पडद्याला वर शिवतात त्या पांढऱ्या पट्टीनं एकत्र बांधलेले.

"थांबवलं का हो, मावशी?"

"थांबवलं की. पोरगा होता तरुण. म्हणाला, वर्षाच्या वर कुठे होता? म्हटलं, बहिणीपाशी. म्हणाला, जुना पासपोर्ट कापलेला आहे. म्हटलं, पासपोर्ट कापलाय, मी नाही. मग ताईचा कागद दिला."

त्या त्याला ताईचा कागद म्हणाल्या. मी घडी उघडली. मागच्या बाजूला, अगदी मधोमध, कुंकवाचं एक थरथरलेलं बोट उमटलेलं होतं. नीट सुकलेलं.

"त्यानं उलटून बघितलं," मावशी म्हणाल्या. "विचारलं, हे काय? मी सांगितलं. मग त्यानं शिक्का मारला."

पुढच्या वर्षी माझी बदली पूर्व जर्मनीतल्या येनाला झाली, मग मावशींची भेट सणासुदीपुरतीच राहिली. पण आजही त्या डोळ्यांसमोर येतात त्या त्याच दिवसाच्या. आम्ही त्यांच्या दारात पोचलो तेव्हा भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मंजिरी त्यांना घेऊन वर गेली. मी खाली गाडीतून बॅगा काढत होतो. तेवढ्यात वरच्या खिडकीतले बंद पडदे दोन्हीकडे सरकले, तावदान उघडलं आणि सातारी आवाजात अख्ख्या गल्लीनं ऐकलं, "अभय, निळी पिशवी विसरू नको रे, तीत मेतकूट आहे."

खालची खिडकी उघडली. "फ्राउ क्लिंगर," हेर बेकमान म्हणाले, "आज रविवार आहे."

मावशींनी दोन्ही कोपरं खिडकीच्या चौकटीवर टेकली. हेर बेकमान मान वर करून बघत राहिले, त्यांनी खिडकी काही लावून घेतली नाही. मावशी तशाच उभ्या होत्या, कपाळभर कुंकू, मागे त्यांचा मोतिया पडदा. मग आवाज तसूभरही कमी न करता त्या मला मराठीत म्हणाल्या, "ऐकलंस ना? आता झालं माझं पक्कं."